एकतिसावा पत्ता

माझ्या व्याह्यांनी जन्मात कधी कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटलं नाही. माणसाला म्हटलं नाही, देवाला म्हटलं नाही, माझ्या हातच्या पुरणपोळीला तर नाहीच नाही. त्यांच्यापाशी तीनच शेरे होते. ‘चालंल’, ‘न्हाई चालायचं’ आणि फार पेचात पडले तर ‘तळाचं बघू द्या’. एकदा दोन्ही घरची मंडळी मिळून जांब समर्थला दर्शनाला गेलो होतो. देवळातून बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, पाव्हणे, दर्शन कसं झालं? चपला घालता घालता म्हणाले, ‘चालंल.’ हे पुजाऱ्यानं ऐकलं आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर प्रसाद जरा कमीच ठेवला.

हा रोग त्यांना कापसानं लावला. उभं आयुष्य त्यांनी जिनिंगवर कापसाची प्रतवारी करण्यात घालवलं. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघून बाकीचे खूश व्हायचे. हे वर बघायचेच नाहीत. सदऱ्याची बाही गुंडाळायची, खांद्यापर्यंत हात गाडीत घालायचा आणि तळाचा मूठभर कापूस ओढून काढायचा. त्यातला एक पुंजका दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, धागा किती लांब येतो ते बघायचं. मग त्यात पिवळा, किडका कापूस किती निघतो ते बघायचं. त्याला ते कवडी म्हणत. ‘वरचा माल घरी बायकूला दाखव’ असं भल्याभल्या बागाईतदारांना तोंडावर सांगायचे. गाडीभर कापूस एकसारखा मध्यम असला तर पास. अर्धा लोण्यासारखा आणि अर्धा कवडी असला तर नापास. ‘लोण्याचं काय कवतिक, ते रोज येतं का?’ हा त्यांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

त्यातही त्यांचा स्वतःपुरता एक कायदा होता. त्यांनी पास केलेल्या मालात पुढे कवडी निघाली, तर सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन ढिगाऱ्यापाशी मांडी घालून बसायचे आणि पिवळा कापूस हातानं निवडून काढायचे. कुणी सांगितलेलं नाही, त्याची मजुरी कुणी देत नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘पास म्या केल्ता, मंग निस्तरायचं कुणी?’ मालकानं हात जोडले, की बाबा, तुम्ही असे दारात बसता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं आमचा सगळाच माल नासका आहे. ऐकलं नाही. हा माणूस पुरता शहाणा नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही माझं मत फारसं बदललेलं नाही.

माझ्या सुनंदाला बघायला आले तेव्हाही हाच प्रकार. आमचं घर वडीगोद्रीला. बाकीचे पाहुणे मुलीला नाव विचारतात, शिक्षण विचारतात, चालून दाखव म्हणतात. यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून विचारलं, ‘भाकर कितवी चालू हाय?’ आम्हाला काही कळेना. म्हणाले, ‘पैली कुणाचीबी फुगती. मला सातवी आणा.’ सगळी बैठक ताटकळत ठेवून पोरीनं सात भाकरी थापल्या. सातवी ताटात आली. त्यांनी काठ तपासला, मधोमध बोट दाबून पाहिलं, उलटी करून पाहिली. माझ्या मालकांच्या कपाळावर घाम आला होता. मग शेरा पडला, ‘चालंल.’ लग्न ठरलं असं आमच्यात कुणालाच वाटलं नाही, भाकर पास झाली एवढंच वाटलं. मी दारामागून म्हटलं, पाव्हणे, तुमच्या मुलाचंही सातवं काहीतरी दाखवा की. दुसरा असता तर रागावला असता. हे बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘पोरगं येकदा बोललं की फिरत न्हाई. तेवढंच हाय त्याच्यापाशी. बाकी साधारण.’ स्वतःच्या मुलाची इतकी खरी जाहिरात करणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे कळलं, जाहिरात तंतोतंत खरी होती. बाकी साधारण हेसुद्धा.

त्यांच्या मंडळींचं काय विचारता. त्या बाईनं वर्षानुवर्षं एकाच चवीचा स्वयंपाक केला. तिखट तेवढंच, मीठ तेवढंच. एक दिवस वरणात मीठ कमी पडलं, तर हे जेवता जेवता उठले आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप बघून आले. ताप होता. ती बाई मला हे सांगताना लाजली होती. मी म्हटलं, यात लाजण्यासारखं काय आहे, तुम्ही आजारी होता आणि नवऱ्याला ते वरणावरून कळलं. पण ती लाजली हे खरं. ती गेल्यावर हे वरणच खाईनात. कढी खायला लागले.

जिनिंगवरून घरी बसल्यावर त्यांची फार पंचाईत झाली. हात घालायला गाडी नाही, ताणायला धागा नाही. मग ते दिसेल त्याची प्रतवारी करत सुटले. जाफराबादच्या बाजारात मिरचीच्या ढिगात तळापर्यंत हात घातला आणि दिवसभर डोळे चोळत बसले. काळीपिवळी जीप आली की आधी मागचं टायर बघायचे, कारण पुढचं टायर गिऱ्हाइकाला दाखवायला असतं. शाळेच्या मास्तरांनी फळ्यावर सुविचार लिहिला, तर यांनी शेवटच्या ओळीचं अक्षर बघून सांगितलं, ‘मास्तर, खाली येता येता कटाळता तुमी.’ मास्तर त्यानंतर एकाच ओळीचा सुविचार लिहायला लागले.

अशात गावात केबल आली, आणि केबलवर ते परदेशी पैलवान आले. लांब केसांचे, चड्डी घातलेले, एकमेकांना खुर्चीनं मारणारे. त्यापाठोपाठ दुकानात त्यांचे पत्ते आले. जाड कागदाचे, गुळगुळीत, एका पत्त्यावर एक पैलवान. फोटोखाली त्याची उंची, वजन, छाती, दंड आणि त्यानं जिंकलेल्या कुस्त्या, असे पाच आकडे छापलेले. खेळ अगदी सोपा. दोघांनी आपापल्या गड्डीचा वरचा पत्ता उचलायचा. ज्याची पाळी त्यानं एक आकडा पुकारायचा, समजा वजन. ज्याचं वजन जास्त त्यानं दोन्ही पत्ते आपल्या ढिगात ओढायचे आणि पुढचा आकडाही त्यानंच पुकारायचा. गावातली शेंबडी पोरं सोडा, मिशा फुटलेले जीपवालेसुद्धा स्टँडवर गाड्या उभ्या करून हेच खेळत बसायचे. प्रवासी मात्र घामाच्या धारा पुसत आत.

माझ्या व्याह्यांच्या हाती हा खेळ लागला आणि त्यांना परत नोकरी लागल्यासारखं झालं. स्वतः कधी खेळायचे नाहीत. फक्त तपासायचे. पोरं बाजाराच्या दिवशी गड्ड्या घेऊन ओट्यापाशी यायची. हे वरचा पत्ता बघायचेच नाहीत. गड्डी हातात घेऊन आधी वजन केल्यासारखी तोलायची, मग तळाचे तीन पत्ते ओढायचे. ‘धागा आखूड. कवडी फार. न्हाई चालायचं.’ झालं. पोरं हुशार, त्यांनी चांगले पत्ते तळाशी ठेवायला सुरुवात केली. मग हे मधले ओढायला लागले. पोरांनी मध्ये ठेवले, तर हे डोळे मिटून कुठूनही ओढायला लागले. शेवटी पोरांनी सगळीच गड्डी चांगली करायचं ठरवलं, तेव्हा म्हणाले, ‘हा, आता जमलं तुमाला.’

त्या पैलवानांत एक फार मोठा होता. उंची, वजन, छाती, सगळ्यात पहिला. पोरं त्याला डोंगर म्हणायची. ज्याच्याकडे डोंगर तो गावात मान ताठ करून चालायचा. आमच्या नातीकडे, म्हणजे सुनंदाच्या वैशीकडे, तो डोंगर होता. कसा मिळवला ते तिचं तिला ठाऊक. वैशी सातवीत होती, आणि या खेळात पोरं तिच्यासमोर बसायला कचरायची, कारण ती हरो की जिंको, तोंडावरची माशी हलत नसे. हा गुण तिला तिच्या आजोबांकडून आला. माझ्याकडून फक्त जीभ आली.

त्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सुनंदा मला तिच्या गावी घेऊन आली. जाफराबादपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. मुलीच्या सासरी आईनं इतके दिवस राहू नये असं लोक म्हणतात. लोकांच्या डोळ्याला पट्टी नव्हती, माझ्या होती. तर मी तिथे असताना एकदा जेवताना जावई म्हणाले, वैशीची सातवी झाली, आता बस. गावातली शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल जाफराबादला. जीपमध्ये गडी टपावर आणि दारात लोंबकळतात, त्यात पोरीला कोंबायची नाही, आणि पायी एकटी पाठवायची नाही. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. वैशी म्हणाली, मी सायकलवर जाईन. बापानं विचारलं, कुठं आहे सायकल? तर म्हणाली, जाफराबादच्या जनरल स्टोअर्समध्ये लटकवली आहे.

खरंच लटकवली होती. त्या दुकानदाराकडे पत्त्यांच्या पुड्यांचा ढीग पडला होता. तो खपावा म्हणून त्यानं बाजाराच्या दिवशी पत्त्यांची स्पर्धा लावली होती. ज्यानं त्यानं आपली एकतीस पत्त्यांची गड्डी आणायची. एकतीस अशासाठी, की बरोबरी व्हायला नको. पहिलं बक्षीस लेडीज सायकल, कारण ती विकली जात नव्हती. दुसरं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ.

जावयांना हसू आलं. म्हणाले, ‘जिंक मंग. जिंकलीस तर बिलकुल जा, म्या आडवणार न्हाई.’

व्याह्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी मुलाकडे बघितलं. ‘बोललास?’

‘बोललो की.’

‘बराबर,’ म्हणाले, आणि कढी प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात कुणाला ओट्यावर बसायला जागा राहिली नाही. वैशीचे सगळे पत्ते त्यांनी सतरंजीवर पसरले आणि प्रतवारीला बसले. पहिलं काम काय केलं, तर डोंगर उचलला आणि स्टँडवर जाऊन एका जीपवाल्याला देऊन टाकला. बदल्यात बारा-पंधरा साधारण पैलवान घेऊन आले. पोरगी रडली नाही, पण दोन वेळा जेवली नाही. मीही त्यांना म्हटलं, पाव्हणे, घरातला एकुलता बैल देऊन शेळ्या आणल्यात. म्हणाले, ‘विहीणबाई, डोंगराच्या कुस्त्या बघितल्या का किती जिंकल्यात? मोजून सात. दिसायला डोंगर, पण राबल्याला न्हाई. आन त्यो असला की पोरगी त्याच्याच भरवशावर बसून राह्यती. त्यो तळाला गेला तर बाकीच्यांनी काय करायचं?’

मग गड्डी जमवली. सगळा एकसारखा माल. फार उंच नको, फार बुटका नको. फार वजनी नको, हलका नको. जास्त आकडेवालेही काढले, कमी आकडेवालेही काढले. तीन दिवस खपून अशी गड्डी केली की कुठूनही पत्ता काढा, पैलवान आपला मध्यम. त्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान होतं. मी बाजूला बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी टाकून दिलेल्या पत्त्यांचा ढीग माझ्या पायाशी होता. म्हटलं, चला, याच कचऱ्यानं मी खेळते. हयातीत पत्ता हातात धरला नव्हता, एका डोळ्याला हिरवी पट्टी. समोर आजोबांची गड्डी घेऊन वैशी बसली, माझे आकडेही तिनंच वाचून दाखवायचे. मला त्या पाच गोष्टींतली एकच कळत होती. माझी पाळी आली की मी आपली ‘वजन’ म्हणायचे. पैलवानाला आणखी काय लागतं? त्या कचऱ्यात भलते जाडेही होते आणि भलते काटकुळेही होते. काटकुळे गेले, पण जाड्यांनी सगळं ओढून आणलं. खेळ संपला तेव्हा व्याह्यांच्या तीन दिवसांच्या मेहनतीचा बराचसा भाग माझ्या मांडीवर होता.

वैशी तोंडाला फडकं लावून हसत आत पळाली. व्याही दिवसभर ओट्यावर बसून एकेक पत्ता उचलायचे, बघायचे, ठेवायचे. दिवेलागणीला मला म्हणाले, ‘सगळे मधलेच घेतले म्या. येकाचंबी कशात डोकं वर न्हाई. आपली पाळी आली तरी पुकारायचं काय?’ मी म्हटलं, पाव्हणे, हे तुम्ही कापसावरून शिकला नाहीत. म्हणाले, ‘कापसाला कुस्ती कुठं खेळायची आसती?’ चूक कबूल करण्याची ही त्यांची पद्धत.

पुन्हा सुरुवात. आता कायदा बदलला. प्रत्येक पैलवानात एक तरी आकडा असा पाहिजे की तो पुकारला तर सहसा मार खाणार नाही. कुणाचा दंड, कुणाची छाती, कुणी म्हातारा पण कुस्त्या भरपूर जिंकलेला. बाकी आकडे कसे का असेनात. आणि कुठला आकडा कुणाचा, हे वैशीला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. ती भांडी घासत असली की हे मोरीपाशी जाऊन म्हणायचे, ‘टकल्या?’ ती म्हणायची, छाती. ‘मुखवटेवाला?’ कुस्त्या. सुनंदा वैतागली. म्हणाली, आई, घरात आलेल्या पाहुण्यालासुद्धा मामंजी आता छातीवरून ओळखायला लागले आहेत.

तीस पत्ते ठरले. एकतिसावा ठरेना. वैशीनं तेव्हा हळूच एक पत्ता पुढे केला. त्यावरचा पैलवान हसत होता. बाकी सगळे दात-ओठ खाऊन उभे, आणि हा एकटा, पुढचा दात पडलेला, लग्नात फोटो काढल्यासारखा हसतोय. उंची नाही, वजन नाही, दंड माझ्या जावयांएवढा. व्याह्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, ‘कवडी.’

‘आबा, याला कुणीच घेत न्हाई,’ वैशी म्हणाली.

‘कारन हाय म्हनून घेत न्हाईत.’

तिनं पत्ता परत घेतला नाही, पुढेही सरकवला नाही. तिथेच ठेवून भांडी विसळायला गेली. व्याह्यांनी तो पत्ता उचलला, तळहातावर ठेवला, लांब धरला, जवळ धरला. ज्या माणसानं बागाईतदारांच्या गाड्या परत लावल्या, लेकाच्या सासऱ्याला सातव्या भाकरीपर्यंत घाम फोडला, त्यानं तो हसरा पैलवान गड्डीच्या मध्यावर गुपचूप सरकवला. मला वाटलं माझ्या पट्टीनं चुकीचं दिसलं. म्हटलं, पाव्हणे, कवडी गेली बघा गाडीत.

‘येका बोंडानं गाठोडं नासत न्हाई, विहीणबाई,’ ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढे ताडपत्री बांधली होती. मी छत्री घेऊन पुढेच, वैशीच्या पाठीशी बसले, म्हातारीला कोण उठवणार? वैशी एकामागून एक पोरांना बसवत गेली आणि उठवत गेली. कुणी तिची गड्डी कशीही पिसली तरी वर येईल तो पत्ता उचलायची, त्याचा आकडा पुकारायची, ढीग ओढायची. ना हसली, ना चिडली. लोक म्हणायला लागले, ही पोरगी कुणाची? व्याही मागे खांबाला टेकून उभे होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘आमचीच हाय. चालंल.’

शेवटच्या डावाला समोर बसला तो डोंगरवाला जीपवाला. वयानं तिच्या दुप्पट, गळ्यात रुमाल. जावईही तोवर काम सोडून आले होते आणि गर्दीच्या मागे टाचा उंच करून बघत होते. अर्ध्या खेळात त्याचा डोंगर निघाला. त्यानं तो असा आपटला की सतरंजीची धूळ उडाली. पाळी मात्र वैशीची होती. तिनं हातातला म्हातारा पैलवान बघितला आणि म्हणाली, ‘जिंकलेल्या कुस्त्या.’ डोंगराच्या सात. म्हाताऱ्याच्या कितीतरी जास्त. डोंगर तिच्या ढिगात आला तेव्हा ताडपत्रीखाली अशी आरोळी उठली की पलीकडच्या बाजारातली जनावरं बिथरली. मी मान वळवून व्याह्यांकडे बघितलं. ते डोंगराकडे बघतच नव्हते. वैशीच्या हातात उरलेल्या गड्डीकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं. हसरा पैलवान अजून निघाला नव्हता.

पत्ते संपत आले तरी तो निघेना. तीस हात झाले. दोघांच्या ढिगात पंधरा-पंधरा हात. दोघांपाशी एकेक पत्ता उरला. पाळी वैशीची. तिनं तो शेवटचा पत्ता उचलला, आणि मला तिच्या मागून तो पडका दात दिसला.

काय पुकारणार? त्याच्यात पुकारायला होतं काय? ती म्हणाली, ‘छाती.’ आवाज तसाच, नेहमीसारखा. जीपवाल्याचा पैलवानही काही फार मोठा नव्हता. आमच्या तीस पैलवानांपैकी कुणीही असता तरी त्याला खाल्लं असतं. पण छाती त्याची जास्त निघाली. थोडीशीच.

जीपवाल्यानं लेडीज सायकल डोक्यावर घेऊन मिरवली. पत्ते ज्याचे त्याला परत गेले, वर खुशीत त्यानं डोंगरही वैशीला देऊन टाकला. आम्हाला घड्याळ मिळालं. मला बोलल्यावाचून राहवलं नाही. घरी आल्यावर ओट्यावर टेकले आणि म्हटलं, नासलं गाठोडं.

‘बराबर,’ व्याही म्हणाले.

जावई हात-पाय धुऊन आले. त्यांनी वैशीकडे बघितलं नाही, बापाकडे बघून म्हणाले, ‘झालं मंग. हरली.’ त्यांनाही ते सांगताना गोड वाटत नव्हतं हे मला दिसत होतं. पण बोललेलं फिरवायचं नाही, हा एवढा एकच तर गुण त्यांच्यापाशी.

व्याही उठले. गोठ्यात गेले. तिथे त्यांची जिनिंगला जायची काळी सायकल दाव्यानं आढ्याला टांगलेली होती. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून ती तिथेच होती. ती खाली उतरवली, धोतराच्या सोग्यानं पुसत अंगणात आणली आणि मुलापुढे उभी केली.

‘पोरगी हरली न्हाई. माल म्या पास केल्ता. कवडी म्या जाऊ दिली, पोरीनं न्हाई. आता निस्तरायचं म्या.’

‘बाबा, या वयात तुमी दोन कोस—’

‘तू तुझा शबुद मोडू नको. तू म्हणलास, जिंकली तर आडवणार न्हाई. हरली. मंग आडव. पण ती येकटी जाणार न्हाई, म्या घिऊन जाणार हाय. मला आडव.’

जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, माझ्या डोळ्याला पट्टी आहे.

शाळा सुरू झाली त्या दिवसापासून ते जायला लागले. सकाळी वैशीला मागे कॅरिअरवर बसवायचं, शाळेत सोडायचं, दिवसभर जाफराबादला कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसून दुनियेला नापास करायचं आणि संध्याकाळी तिला घेऊन यायचं. चढ आला की दोघं उतरून ढकलायची. पहिल्या दिवशी निघताना त्यांनी वैशीकडून तो हसरा पैलवान मागून घेतला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं मागच्या चाकाच्या दांडीला असा लावला की चाक फिरलं की तारा त्याच्यावर आपटाव्यात. फटफटीसारखा आवाज व्हायला लागला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, ‘शिक्षा. खाऊ दे मार. चार दिसात फाटंल.’

तो चार दिवसांत फाटला नाही. अख्खा पावसाळा टिकला. डोंगर लावला तेव्हा तो आठवड्यात चिंध्या झाला. म्हणजे प्रतवारी तिथेही चुकली, पण ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही, कारण गाव आता त्या आवाजावर चालायला लागलं होतं. सकाळी फडफड गावाबाहेर गेली की सुनंदा चुलीवरचं उतरवायची, संध्याकाळी फडफड आली की चहाला आधण ठेवायची. एक पत्ता झिजला की दुसरा. ती सगळी गड्डी, जिच्यासाठी तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं, अशी रस्त्यावर झिजत गेली. दहावीपर्यंत त्यांचा खाडा झाल्याचं मी ऐकलं नाही. ताप असला तरी जायचे. वैशी म्हणायची, आबा, आज नको. ते म्हणायचे, पैल्या दिवशी कुणीबी जातं.

वैशी आता जालन्याला शिकते. वसतिगृहात राहते, सुट्टीला येते. व्याही मागल्या हिवाळ्यात गेले. दिवसकार्याला मी गेले होते. माणसं आली होती, जिनिंगवरचेही कुणी कुणी आले होते. सगळे म्हणत होते, फार चांगला माणूस. मला ते ऐकवेना. त्यांना स्वतःला ते मुळीच चाललं नसतं. वरचा माल बघून बोलत होते सगळे.

मी उठून गोठ्यात गेले. सायकल भिंतीला टेकवलेली होती, परत आढ्याला टांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. मागच्या चाकाला चिमटा होता आणि चिमट्यात एक पत्ता होता. झिजून पांढरा झालेला. कोण पैलवान ते ओळखू येत नव्हतं, आकडेही गेले होते. मी वाकून एका हातानं सायकलचं मागचं अंग जरा उचललं आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. फडफड झाली, हळू झाली, थांबली. मी पुन्हा फिरवलं. सुनंदा आतून पदराला हात पुसत बाहेर आली, दारात उभी राहिली आणि मला बघून तशीच परत गेली.

चालंल, मी म्हटलं.